चिनी राजवाड्यातले जडावाचे फलक: आधी पाठ पाहा, मग दगड

प्रश्न: आमच्या घरी आजोबांच्या काळापासून चार काळे चिनी फलक आहेत, प्रत्येक साधारण तीन फूट उंच. फुलदाण्या, फांद्या, पक्षी आणि काही बायकांच्या आकृत्या शिंपल्याच्या आणि रंगीत दगडांच्या तुकड्यांनी त्यांवर बसवल्या आहेत. आजोबांनी ते मुंबईत एका लिलावात घेतले. "चिनी बादशहाच्या महालातले आहेत," असं तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं होतं. हे खरं असेल का? ओळखायचं कसं? दोन तुकडे निघून आलेत, ते चिकटवून वरून पॉलिश करून घ्यावं का?

उत्तर:

पॉलिश करू नका, आणि निघालेले तुकडे घरी चिकटवू नका. मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवा, आणि कुठला तुकडा कुठल्या फलकावरचा हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. हे आधी सांगतो, कारण अशा वस्तूंचं सर्वांत जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या साफसफाईत होतं. आता ओळखीकडे येऊ.

जडावाचा फलक दिसला की नजर रंगीत दगडांवर जाते. विकणाराही तिथेच बोट ठेवतो: हा जेड, हे पोवळं, हा निळा लाजवर्द. मी लाकूड आणि लॅकरच्या जतनाचं काम करतो, आणि फलक हातात आला की तो आधी उलटा करून पाहतो. पाठ, मग कडा, मग दगडांमधली काळी जमीन, आणि सर्वांत शेवटी दगड. दगड पैसे टाकले की मिळतात, आजही मिळतात. जमीन मात्र कोणीतरी कित्येक महिने हाताने थर देत उभी केलेली असते. ते काम दरबाराच्या ऐपतीने झालं की दुकानाच्या घाईने, हे तिच्यावरून कळतं.

ही जमीन कशाची असते ते नीट समजून घ्या. सावंतवाडीच्या जुन्या लाखकामात वापरतात ती किड्यापासून मिळणारी लाख. ती उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. या फलकांची जमीन चिनी लॅकरची असते, आणि ते लॅकर म्हणजे झाडाचा चीक. सालीला चिरे पाडून उन्हाळ्यात तो गोळा करतात, आणि एका झाडातून फार थोडा मिळतो. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. ज्यांनी बिब्बा अंगावर उतलेला पाहिलाय त्यांना कच्च्या लॅकरचा त्रास वेगळा समजावून सांगायला नको. तशीच लाली, तसेच फोड, तशीच आग. पूर्ण घट्ट झालेलं लॅकर सहसा त्रास देत नाही. एकदा घट्ट झालं की पाणी, स्पिरिट, बरीचशी आम्लं, कशालाच ते सहजी दाद देत नाही.

आणि ते घट्ट होतं कसं, यातच या कलेचं सगळं वेळापत्रक आहे. रंग हवेत सुकतो तसं लॅकर सुकत नाही. त्याला दमट हवा लागते, साधारण 70 ते 80 टक्के आर्द्रता आणि बेताची ऊब. चिकातलंच एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे रेणू एकमेकांत गुंफतं. थर जाड दिला तर वरून साय धरते, आतून ओला राहतो आणि सुरकुततो. म्हणून हात अगदी पातळ द्यायचा, ओलसर कपाटात ठेवायचा, घट्ट झाला की घासायचा, मग पुढचा हात. यात घाई करताच येत नाही.

चांगल्या फलकाची जमीन अशी चढते. फळीला आधी कच्चं लॅकर पाजतात. मग रेमी किंवा तागासारख्या धाग्याचं विरळ कापड लॅकरनेच चिकटवतात, म्हणजे फळ्यांचे सांधे पुढे वर उमटत नाहीत. त्यावर अस्तर. विटेची, शिंगाची किंवा हाडाची पूड लॅकरमध्ये मळून केलेला लेप, आधी भरड, मग बारीक, आणि प्रत्येक लेप दगडाने पाण्याखाली घासून सपाट केलेला. त्यावर शुद्ध लॅकरचे हात. काळा रंग लोखंडाच्या क्षाराने किंवा काजळीने आणतात, तांबडा हिंगुळाने. शेवटचा हात घोटून घोटून चकाकी आणायची. स्वस्त कामात कापडाऐवजी कागद येतो किंवा काहीच नसतं. अस्तरात लॅकरच्या जागी डुकराचं रक्त किंवा सरस येतो, आणि वरचं लॅकर तुंग झाडाच्या बियांच्या तेलाने लांबवलेलं असतं. परदेशी पाठवण्यासाठी केलेल्या चिनी लॅकरच्या अस्तरात रक्त सापडणं प्रयोगशाळांना नवीन नाही. असं अस्तर थोडी वर्षं छान दिसतं. मग ओल लागली की पापुद्रे धरतं.

आता जडाव. शिंपल्याचे दोन प्रकार आहेत. जाड शिंपला एखाद-दोन मिलिमीटरचा असतो, दुधी पांढरा. जमिनीत त्याच्या मापाची खाच करून तो बसवतात, वर बारीक रेघा कोरतात. थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) कांस्य आरशांच्या पाठीवर हे काम दिसतं. पातळ शिंपला म्हणजे बहुधा अॅबलोनी या समुद्री शंखाचा, कागदासारखा विरळ केलेला, हिरवा, जांभळा, गुलाबी झळकणारा. तो चिकट जमिनीवर मांडायचा, वरून लॅकरचे हात द्यायचे आणि शिंपला पुन्हा दिसेपर्यंत घासायचं. बीजिंगमध्ये होउयिंगफांग इथे युआन काळातल्या (तेरावं-चौदावं शतक) घराच्या उत्खननात चंद्रावरच्या महालाचं चित्र असलेल्या अशा कामाचा एक तुटका तुकडा मिळाला. तेव्हाच हे कसब किती पुढे गेलं होतं ते त्या तुकड्यावरून कळतं. मिंग काळाच्या शेवटी, सतराव्या शतकात, यांगझोउ शहरातला ज्यांग च्यानली हा कारागीर पातळ शिंपल्यासाठी इतका नावाजला की पेले-तबकं जिकडेतिकडे त्याचीच, असं लोक म्हणत. त्याच्या नावाने नक्कलही तेवढीच झाली.

पातळ शिंपल्याचं दरबारी काम पाहायचं असेल तर बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातली काळ्या लॅकरची ग्रंथमांडणी पाहा. तिच्यावर कांगशी बादशहाच्या काळातलं, 1673 सालाशी जुळणारं वर्ष नोंदलेलं आहे. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असलेल्या या मांडणीवर निसर्गदृश्यं, फुलं आणि भौमितिक नक्षीच्या पट्ट्या, सगळं पातळ शिंपल्याचं, मध्ये सोन्या-चांदीचे वर्ख. नक्षीतला एकेक तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान आहे आणि तरीही रेघ कुठे चुकत नाही. काळजीपूर्वक पाहिलं तर शिंपल्याचे रंगही निवडून लावलेले दिसतात: पानाला हिरवट झाक, फुलाला गुलाबी. रंग लावलेला नाही, तसा तुकडा शोधलाय.

तुमचे फलक मात्र वर्णनावरून दुसऱ्या परंपरेतले आहेत. एकाच फलकावर अनेक द्रव्यं जडवायची आणि ती जमिनीच्या वर उठवायची, याला चिनी भाषेत 'शंभर रत्नांचा जडाव' अशा अर्थाचं नाव आहे. सोळाव्या शतकात, ज्याजिंग बादशहाच्या काळात, यांगझोउच्या झोउ नावाच्या कारागिराने हे काम नावारूपाला आणलं आणि पुढे ते 'झोउ पद्धत' म्हणूनच ओळखलं गेलं. सोनं, चांदी, मोती, पोवळं, जेड, स्फटिक, अकीक, कासवाची पाठ, शिंपला, पिरोजा, मॅलकाइट, लाजवर्द, हस्तिदंत, अंबर. यादी लांब आहे. तुकडे आधी वेगळे कोरून घेतात, उठावात. मग प्रत्येकाची बाहेरची रेघ जमिनीवर उतरवून तेवढीच खाच करतात आणि तुकडा तिच्यात बसवतात. चीनच्या लॅकरकामावरचा जो एकमेव जुना ग्रंथ आज उरलाय, ह्वांग छंगचा 'श्यूशी लू', त्यात या कामाचा स्वतंत्र उल्लेख आहे. मूळ ग्रंथ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, त्यावर यांग मिंगचं भाष्य 1625 चं. चीनमध्ये तो हरवलाच होता. जपानमध्ये राहिलेल्या हस्तलिखितावरून 1927 मध्ये पुन्हा छापला गेला.

दरबारात हे काम शिगेला पोचलं ते च्यानलुंग बादशहाच्या कारकिर्दीत, 1735 ते 1796. त्याची कारणं बघण्यासारखी आहेत. राजवाड्यात झाओबानचू नावाचे बादशाही कारखाने होते. लॅकर, जेड, मीनाकाम, चित्रकला, प्रत्येकाचा वेगळा विभाग. योंगचंग बादशहाच्या पहिल्या वर्षापासून, म्हणजे 1723 पासून, तिथे दिलेल्या कामांच्या नोंदवह्या आहेत. कोणती वस्तू, कोणाच्या हुकमाने, नमुना कधी दाखवला, बादशहाने काय बदल सांगितला, हे त्यात मिळतं. नमुना आधी मंजूर करून घ्यायचा, मग काम. च्यानलुंग या बाबतीत फार काटेकोर होता. मोठी कामं सुझोउ, यांगझोउ, कँटन इथल्या कारागिरांकडे जात आणि महाकालव्याने उत्तरेला येत. आणि 1759 मध्ये पूर्व तुर्कस्तान (आजचं शिनजियांग) जिंकल्यावर तिथल्या खोतानचा जेड दरवर्षी दरबारात येऊ लागला. आधी दुर्मिळ असलेलं द्रव्य हातात मुबलक आलं, आणि ते भिंतीवरच्या फलकांत उतरलं. चित्रांच्या गुंडाळ्या जिथे टांगत, तिथे लाकडी चौकटीतले जडावाचे फलक जोडीने आणि चौकडीने टांगण्याची रीत याच काळात फोफावली.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण दरबारी काम म्हणजे काय ते त्यात स्वच्छ दिसतं. च्यानलुंगने निवृत्तीनंतर राहण्यासाठी निषिद्ध नगरीच्या, म्हणजे बीजिंगच्या राजवाड्याच्या, ईशान्य भागात 1771 ते 1776 या काळात एक बाग आणि तिच्यातल्या 27 लहानमोठ्या वास्तू बांधल्या. काही इमारतींच्या आतलं लाकूडकाम यांगझोउच्या मीठ प्रशासनाचा अधिकारी ली झीयिंग याच्या देखरेखीखाली तिकडेच होऊन आलं. मिठाच्या व्यापाऱ्यांचा पैसा आणि यांगझोउचे जडावकार, दोन्ही एकाच शहरात होते. या बागेतला सोळा पानांचा एक पडदा आहे. चौकट झितान लाकडाची, म्हणजे बहुधा रक्तचंदनाची. आत काळं लॅकर. आणि त्यावर सोळा अर्हत, पांढऱ्या जेडमध्ये.

हे अर्हत भारतातले, बुद्धाचे शिष्य. त्यांची चित्रं नवव्या-दहाव्या शतकातल्या क्वानश्यू या भिक्षूने काढली असं मानतात: लांब भुवया, पुढे आलेली कपाळं, वाकलेले कणे, झाडाच्या खोडासारखे चेहरे. च्यानलुंगने 1757 च्या दक्षिण दौऱ्यात हांगझोउच्या शंगयिन मठात ही चित्रं पाहिली, त्यांच्यावर स्तुतिपर ओळी लिहिल्या आणि संस्कृत नावांशी जुळवून अर्हतांची ओळख नव्याने लावली. पुढे मठात ती दगडावर कोरली गेली. दगडावर कागद ठेवून शाईचा ठसा घेतला की जमीन काळी येते आणि कोरलेली रेघ पांढरी राहते. आता पडद्याकडे पाहा. काळं लॅकर, पांढरा जेड. जडावकाराने शाईचा ठसाच लाकडात आणि दगडात पुन्हा घडवलाय. ब्रशची एक रेघ, कुठे जाड, कुठे बारीक होत जाणारी, ती जेडच्या तुकड्यात तशीच्या तशी कापली आहे. जेड छिन्नीने कोरला जात नाही, वाळूसारखी कठीण पूड वापरून झिजवत न्यावा लागतो. त्यात कपड्याच्या चुणीची रेघ उतरवायची, तिच्याच वळणाची खाच काळ्या लॅकरमध्ये करायची आणि दोघांमध्ये फट दिसू द्यायची नाही! मला चिनी जडावात याहून वरचं काम माहीत नाही. आणि त्यात फक्त दोन रंग आहेत, हेही लक्षात घ्या. दरबारी म्हणजे भरगच्च, रंगीबेरंगी, हा समज तिथे गळून पडतो.

त्या पानांच्या पाठीही पाहण्यासारख्या आहेत. पाठीवरही काळं लॅकर, आणि त्यावर सोन्याने रंगवलेली झाडंझुडपं. हे नुसतं हौसेचं नव्हे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याबरोबर आडवं फुगतं आणि आकसतं. एकाच बाजूला लॅकर असेल तर दुसऱ्या बाजूने ओल ये-जा करत राहते आणि फळी वाकते. यांगझोउसारख्या दमट हवेत झालेलं काम बीजिंगच्या कोरड्या, गोठवणाऱ्या हिवाळ्यात टिकवायचं, तर पाठीला पुढच्याइतकंच जपावं लागतं. दगड मात्र फुगत नाही, आकसत नाही. फळी हलते, दगड हलत नाही, आणि मधला चिकटपणा थकला की दगड सुटतो. तुमचे दोन तुकडे निघाले त्याचं कारण बहुधा हेच आहे.

च्यानलुंगने 1796 मध्ये गादी सोडली, पण त्या बागेत राहायला तो कधी गेला नाही. 1799 मध्ये वारला. त्यामुळे बागेतल्या खोल्या फारशा बदलल्या गेल्या नाहीत आणि आतली कामं जागच्या जागी राहिली. अशा वस्तू राजवाड्यातल्या आहेत हे आपण खात्रीने म्हणतो, कारण त्या तिथेच सापडल्या, नोंदवह्यांत आहेत आणि त्यांचं काम त्या नोंदींशी जुळतं. बाहेर विकायला आलेल्या फलकाच्या बाबतीत हे तिन्ही आधार सहसा नसतात. 1860 मध्ये बीजिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल, युआनमिंगयुआन, लुटला-जाळला गेला, 1900 मध्ये बीजिंग लुटलं गेलं, तेव्हा बरंच बाहेर गेलं हे खरं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात च्यानलुंगच्या काळातलं तांबड्या कोरीव लॅकरचं सिंहासन आहे. ते बीजिंगजवळच्या बादशाही शिकारबागेतलं, आणि संग्रहालयाकडे 1922 मध्ये आलं. पण अशा हालचालींच्या कहाण्यांचा आधार घेऊन त्यानंतर हजारो साध्या वस्तूंना 'महालातली' हे बिरुद चिकटलं.

मुंबईच्या घरांत चिनी वस्तू असण्यात मात्र नवल काही नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईचा कापूस आणि अफू कँटनला जात होती, जमशेटजी जीजीभॉय स्वतः चीनच्या सफरी करून आले होते, आणि पारशी घरांत चिनी भरतकामाच्या गारा साड्यांबरोबर चिनी मातीची भांडी, लॅकरचे डबे, पडदे येत राहिले. ही परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेली कामं. त्यांतली काही फार सुंदर आहेत, तरी त्यांचा दरबाराशी संबंध नाही. याच ओघात एक गोंधळ दूर करतो: 'कोरोमंडल पडदा' म्हणून जो ओळखला जातो तोही चीनमध्येच केलेला. युरोपात तो भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतून गेला म्हणून ते नाव पडलं. त्यात जडाव मुख्य नसतो. जमिनीत चित्र कोरून खाचांत रंग भरलेले असतात.

आता तुमचे चार फलक. दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, एकेक फलक मऊ चादरीवर पालथा घाला, खाली दुमडलेला टॉवेल असा लावा की उठावाच्या तुकड्यांवर वजन येणार नाही. दोघांनी मिळून करा. पाठ कोरी, नुसतं प्लायवूड किंवा हार्डबोर्ड दिसलं, तर काम बहुधा विसाव्या शतकातलं आहे, पुढे फार शोधायला नको. पाठीला लॅकर असेल, फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असेल, खिळे ठोकून किंवा गच्च चिकटवून नव्हे, तर काम करणाऱ्याला लाकूड कळत होतं. फळीला हलायला जागा ठेवणं हे जुन्या चांगल्या सुतारकामाचं लक्षण आहे.

मग कडा. जिथे लॅकरचा टवका उडालाय तिथे भिंगाने आतले थर बघा. काळ्याखाली करडा किंवा तपकिरी लेप आणि त्यात कापडाचे धागे दिसले तर चांगलं लक्षण. काळ्याखाली थेट लाकूड किंवा पांढरी पुट्टी दिसली तर बेताचं काम. टवके मुद्दाम काढू नका; जुन्या फलकावर आपोआप झालेले पुरेसे सापडतात.

जमिनीवर तिरपी बॅटरी मारा. जुन्या लॅकरची सपाटी काचेसारखी निर्जीव नसते. हाताने घासल्याची मंद लहर जाणवते, आणि काळ्यात थोडा तपकिरी उबारा येतो. बारीक भेगांचं जाळं असू शकतं. चीनमध्ये जुन्या गुचिन या तंतुवाद्यांवरच्या अशा भेगा पारखण्याचं शास्त्रच आहे. पण फक्त भेगांवर विसंबू नका, आळीपाळीने तापवून-थंड करून त्या मुद्दामही पाडतात. अगदी एकसारखा, प्लास्टिकसारखा गडद काळा चकचकाट हा बहुधा आधुनिक कृत्रिम लॅकरचा. अतिनील दिवा मिळाला तर अंधारात एकदा बघाच. पूर्वी कोणी सुताराने लाखेचं पॉलिश मारलं असेल तर ते नारिंगी उजळतं, आणि नंतरच्या बऱ्याच गोंदांच्या निळसर-पांढऱ्या कडा तुकड्यांभोवती दिसतात. कुठले तुकडे मुळात जागचे आणि कुठले नंतर बसवलेले, हे यात एका नजरेत कळतं.

निघालेल्या तुकड्यांची जागा सर्वांत जास्त सांगते. तिथे तुकड्याच्याच आकाराची खाच आहे, की तुकडा सपाट जमिनीवर नुसता चिकटवला होता? खाच असेल तर तिची कड किती नेमकी आहे? खाच मोठी झाली म्हणून पुट्टीने भरलीय का? दरबारी आणि चांगल्या यांगझोउ कामात तुकडा खाचेत बसतो आणि कडेला लॅकर त्याला घट्ट धरतं. बाजारी कामात तुकडे वरून चिकटवतात आणि फटीभोवती सोनेरी किंवा काळी रेघ रंगवून टाकतात.

आणि मग दगड. विसाव्या शतकातल्या हाँगकाँग-चीनच्या सजावटी फलकांत हिरवा, तपकिरी, गुलाबी, सगळा बहुधा शंखजिऱ्यासारखा मऊ दगड असतो. त्याच्या कडा गोलावलेल्या, बारीक कोरीव रेघा झिजलेल्या. जेड गालाला लावला तर बराच वेळ गार लागतो, कडा तीक्ष्ण राहतात आणि झिलई तेलकट दिसते. मॅलकाइटमध्ये गडद-फिक्या हिरव्या पट्ट्या, लाजवर्दमध्ये सोनेरी ठिपके. चेहरे पांढरे असतील तर भिंगाखाली बघा: हाडात बारीक काळसर छिद्रं आणि छोट्या रेघा, हस्तिदंतात कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी. झगझगीत हिरवा बर्मी जेडाइट भरपूर असेल तर काम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचं. टाचणीने ओरखडून कठीणपणा तपासण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. एक शक्यता अशीही की फलक चिनी नसतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये शिबायामा नावाने हस्तिदंत-शिंपल्याचा उठावाचा जडाव निर्यातीसाठी खूप झाला, आणि भारतात तो सर्रास 'चिनी' म्हणून विकला गेला.

विषयावरूनही थोडं कळतं. दरबारी फलकांवर जुन्या कांस्य पात्रांचे आणि फुलदाण्यांचे संच, नववर्षाची शुभचिन्हं, निसर्गदृश्यं आणि बादशहाच्या कविता जास्त. कवितेची अक्षरं जेड किंवा सोनेरी मुलाम्याच्या पत्र्यात जडवलेली असतील आणि शेवटी 'सेवक अमुक याने आदरपूर्वक लिहिलं' अशा धाटणीची सही असेल, तर तो फलक ताबडतोब जाणकाराला दाखवायचा. राजचिन्हांकित शिक्का नसला म्हणून निराश होऊ नका, भिंतीवरच्या फलकांवर तो बऱ्याचदा नसतोच. आणि असला तरी हुरळून जाऊ नका, शिक्का कोरणं सर्वांत सोपं.

तुम्ही बायकांच्या आकृत्यांचा उल्लेख केलाय. फुलदाण्यांबरोबर पंखे घेतलेल्या, पांढऱ्या चेहऱ्यांच्या स्त्रिया, चारांचा संच, तीन फुटांची उंची, यावरून माझा कौल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या बाजारी कामाकडे झुकतो. पाठ आणि खाचा पाहिल्यावर तो बदलू शकतो, पण लिलावातल्या एका तोंडी वाक्यावर मी तो बदलणार नाही. आजोबांच्या लिलावाची पावती, जुनी यादी, एखादा कागद सापडला तर तो फलकाइतकाच जपून ठेवा.

देखभालीचं थोडक्यात. लॅकरचा खरा शत्रू उजेड. उन्हाने त्याचा वरचा थर विघटित होतो, काळा करडा पडतो, आणि मग जे लॅकर पाण्याला दाद देत नव्हतं त्याच्यावर ओल्या फडक्याचाही पांढरा डाग उठतो. बोटांचे ठसेसुद्धा कायमचे उमटतात. म्हणून ओलं फडकं, तेल, फर्निचरची स्प्रे पॉलिश, मेण, काहीही नको. मऊ केसांच्या ब्रशने धूळ झटका, तीही सुटू लागलेल्या तुकड्यांपासून लांब राहून. फडक्याचा धागा शिंपल्याच्या कडेत अडकला की तुकडा ओढूनच निघतो. फलक बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाळ्यात ती ओल धरते. एसीच्या झोताखालीही नको. 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राहिली तर उत्तम. पुण्या-मुंबईत ते वर्षभर साधत नाही, मग निदान चढउतार सावकाश होऊ द्या: दिवसभर बंद खोली आणि रात्री जोरात एसी, हा खेळ टाळा. उजेड 50 लक्सच्या आत, म्हणजे बैठकीत नेहमी असतो त्यापेक्षा बराच मंद.

तुकडे बसवण्यासाठी फेव्हिकॉल, इन्स्टंट गोंद किंवा एपॉक्सी वापरलं की पुढच्या माणसाला ते सुटसुटीत काढता येत नाही. आणि गोंद लॅकरहून बळकट झाला तर लाकूड हलताना गोंद न सुटता लॅकरचाच पापुद्रा उपटून येतो. जतनकार बहुधा सरस किंवा माशाचा सरस वापरतो: पुरेसा धरतो आणि गरज पडली तर थोड्या ओलाव्याने सुटतो. सुटू लागलेल्या भागावर तोवर काहीही चिकटपट्टी लावू नका.

कायद्याचंही बघून ठेवा. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, ती परदेशी पाठवता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा. चेहरे हस्तिदंताचे निघाले तर त्यांचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे विक्रीचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा.

तुलनेसाठी डोळा तयार करायचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं टाटा संग्रहाचं चिनी-जपानी दालन आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातला चिनी विभाग, दोन्ही पाहा. नंतर फलकांचे फोटो काढून ठेवा: प्रत्येक फलकाची पुढची बाजू, पूर्ण पाठ, एक टवका उडालेली कड, दोन्ही रिकाम्या खाचा आणि निघालेल्या तुकड्यांची मागची बाजू, शेजारी मोजपट्टी ठेवून. तुकड्याच्या मागे लागलेला जुना गोंद पुसू नका; त्याची तपासणी करून बरंच काही सांगता येतं. हे फोटो घेऊन लाकूड आणि लॅकरचं काम करणाऱ्या जतनकाराकडे जा. सुटलेला पहिला तुकडा निघून किती काळ झाला आणि तेव्हा फलक कुठल्या भिंतीवर होता, हे तो बहुधा सगळ्यात आधी विचारेल, तेवढं घरात विचारून ठेवा.